यूपीएस की एनपीएस? ३० नोव्हेंबर २०२५ च्या आत ठरवायचंय, जाणकारांनी मदत करावी

नमस्कार मंडळी,

मी २०१२ पासून टपाल खात्यात आहे. २०३५ मध्ये साठ पूर्ण होऊन निवृत्त होईन, म्हणजे नोकरी २३ वर्षं भरते. केंद्राच्या एकीकृत निवृत्तीवेतन योजनेत, म्हणजे यूपीएसमध्ये जायचं असेल तर ३० नोव्हेंबर २०२५ च्या आत फॉर्म ए-२ द्यायचा आहे. दिला नाही तर आहे त्या एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, कायम. मुदत आधी जूनअखेरची होती, मग सप्टेंबर झाली, आता नोव्हेंबर. पुन्हा वाढेल या भरवशावर मला राहायचं नाही.

मिस्टर जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहेत, २०१० चे. म्हणजे राज्याने जुनी पेन्शन बंद केली त्या १ नोव्हेंबर २००५ नंतरचे, तेही जुन्या पेन्शनबाहेरचे. मोठा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. धाकटी लेक चौदा वर्षांची, तिला सेरेब्रल पाल्सी आहे. वाचते, गप्पा मारते, मोबाईलवर मामाला मेसेज करते. पण स्वतःच्या कमाईवर जगू शकेल असं कुठलेच डॉक्टर सांगत नाहीत. माझा सगळा प्रश्न तिच्याभोवती फिरतो, म्हणून हे आधीच सांगितलं.

आता आकडे. ऑक्टोबरच्या पगारात माझं बेसिक ३९,२००. डीए (महागाई भत्ता) ५८ टक्के, म्हणजे २२,७३६. दोन्ही मिळून ६१,९३६. एनपीएसमध्ये माझे १० टक्के म्हणजे ६,१९४ कापले जातात आणि सरकार १४ टक्के म्हणजे ८,६७१ घालतं. हे सगळं माझ्या प्रान खात्यावर, म्हणजे एनपीएसच्या वैयक्तिक खात्यावर दिसतं. यूपीएस घेतली तर माझे ६,१९४ तेवढेच राहतात, सरकारही माझ्या नावावर तेवढेच घालतं, आणि वर ८.५ टक्के म्हणजे ५,२६५ रुपये एका सामाईक निधीत जातात. सरकारचा खर्च वाढतो, पण माझ्या नावावरचे पैसे महिन्याला अडीच हजारांनी कमी होतात. त्या बदल्यात निवृत्तीनंतर ठरलेली रक्कम मिळण्याची हमी आहे.

ती हमी किती, ते गोल आकडे धरून काढलं. शेवटच्या बारा महिन्यांचं सरासरी बेसिक ६०,००० धरू. यूपीएसमध्ये या सरासरीच्या पूर्ण निम्मं मिळायला २५ वर्षं नोकरी लागते. माझी २३, म्हणजे ३०० पैकी २७६ महिने. ३०,००० चे होतात २७,६००. त्यावर महागाई भत्ता, तेव्हा ५८ टक्केच असला तरी एकूण ४३,६०८. शिवाय दर सहामाहीला बेसिक अधिक डीएचा दहावा हिस्सा या हिशेबाने ४६ सहामाह्यांचे साधारण ४ लाख ३६ हजार एकरकमी. मी गेले तर मिस्टरांना ६० टक्के, म्हणजे १६,५६० आणि त्यावर महागाई भत्ता.

एनपीएसमध्ये तोवर ७० लाख जमले असं समजू (बाजार आहे, कमी-जास्त होणारच). ६० टक्के म्हणजे ४२ लाख हातात, करमुक्त. उरलेल्या २८ लाखांची ॲन्युइटी (विमा कंपनीकडून मिळणारी ठरावीक मासिक रक्कम) सहा टक्क्यांनी घेतली तर महिन्याला १४,०००, आणि ते मरेपर्यंत १४,०००च. सासरे जुन्या पेन्शनवर आहेत. त्यांच्या पासबुकात डीए वाढला की रक्कम पुढे सरकते, फरकाची वेगळी नोंद येते, ते त्या नोंदीखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवतात. ॲन्युइटीवाल्याला ती रेघ मारायची वेळ कधीच येणार नाही. दहा-पंधरा वर्षांनी त्या १४,००० ला काय किंमत राहील?

इथपर्यंत पाहिलं तर यूपीएस बरी. पण अधिसूचनेत कुटुंबाला मिळणारी रक्कम फक्त निवृत्तीच्या दिवशी कायदेशीर विवाहित असलेल्या जोडीदाराला आहे. मुलांचा उल्लेख नाही. मी आणि मिस्टर दोघंही गेल्यावर देणं संपतं, आणि जमलेला निधी तर निवृत्तीच्या दिवशीच सामाईक निधीकडे गेलेला असतो. जुन्या पेन्शनमध्ये स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आयुष्यभर कुटुंब निवृत्तीवेतन आहे. एनपीएसमध्ये पेन्शन नाही, पण ॲन्युइटीची मूळ रक्कम आमच्यानंतर मुलांना परत मिळते आणि ४२ लाख आधीच हातात आलेले असतात. नोकरीत असताना मृत्यू झाला तर जुन्या नियमांचे लाभ मिळतात, त्यामुळे ती काळजी नाही. काळजी आहे ती निवृत्तीनंतरची.

आणि नेमकं हेच कुणाच्या भाषणात येत नाही, म्हणून मी इथे विचारते आहे. गेली तीन वर्षं मी पेन्शनवरचं जमेल तेवढं सगळं वाचते, ऐकते. डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात फडणवीस म्हणाले की जुनी पेन्शन दिली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल. त्याच महिन्यात हिमाचलमध्ये काँग्रेस जुन्या पेन्शनचं आश्वासन देऊन जिंकली. पुढे शिक्षक-पदवीधरच्या निवडणुकांत आपल्याकडेही हाच विषय गाजला आणि सूर मवाळ झाला. मार्च २०२३ चा संप तुम्हाला आठवत असेल. मिस्टर ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ लिहिलेली टोपी घालून रोज जिल्हाधिकारी कार्यालयासमोर बसायला जायचे. आठवड्यात संप मिटला, निवृत्त अधिकाऱ्यांची समिती नेमली गेली. १ मार्च २०२४ ला, लोकसभेच्या तोंडावर, शिंदे यांनी विधानसभेत शेवटच्या पगाराच्या निम्म्या पेन्शनची घोषणा केली. २४ ऑगस्ट २०२४ ला केंद्राने यूपीएस मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. विधानसभेचं मतदान नोव्हेंबरात होतं. आता बिहारच्या प्रचारात महागठबंधनाने जुन्या पेन्शनचं वचन दिलं. परवा निकाल लागला आणि सरकार एनडीएचं आलं.

यात कुणाला नावं ठेवायची नाहीत. मतांच्या दबावाशिवाय यूपीएस आलीच नसती असं माझं स्पष्ट मत आहे. संप करणाऱ्यांनी ती मिळवली. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासात सगळी राज्यं जुन्या पेन्शनवर परतली तर बोजा एनपीएसच्या साडेचार पटींपर्यंत जाईल असं म्हटलंय, तेही मी उडवून लावणार नाही. तो पैसा शेवटी शाळा-दवाखान्यांतूनच कमी होणार. पण दोन्ही बाजूंनी सगळी चर्चा ‘निम्मा पगार’ एवढ्या दोन शब्दांवर येऊन थांबली. २००४ मध्ये जुनी योजना बंद करताना तिच्यासोबत दिव्यांग मुलांची सोयही गेली, आणि ती परत द्या म्हणून कुणी व्यासपीठावरून बोललेलं मी ऐकलं नाही. याचा फार त्रास होतो.

(आमच्या कार्यालयात पिशवी घेऊन गावोगाव फिरणारे ग्रामीण डाक सेवक आहेत. ते या वादात कुठेच नाहीत. त्यांना ना जुनी पेन्शन, ना यूपीएस. हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.)

संघटनेच्या ग्रुपवर सांगतात की यूपीएसचा फॉर्म भरू नका, भरला तर जुन्या पेन्शनची मागणी कमकुवत होते. जुलैपर्यंत २३ लाखांपैकी ३१ हजारांच्या आसपासच लोकांनी ती घेतली होती, म्हणजे बहुतेकांनी हेच ऐकलेलं दिसतं. मलाही जुनी पेन्शन हवीच आहे. पण राजस्थान, छत्तीसगडमध्ये ती जाहीर करणारी सरकारं २०२३ मध्ये हरली, आणि एनपीएसमध्ये जमा झालेले पैसे राज्यांना परत द्यायला केंद्राने कायद्यात तरतूद नाही म्हणून नकार दिला. लेकीचं आयुष्य पुढच्या जाहीरनाम्यावर कसं सोपवू?

तर विचारायचं ते असं. यूपीएसमध्ये दिव्यांग अपत्यासाठी नंतर एखादं परिपत्रक किंवा स्पष्टीकरण निघालंय का? यूपीएसमध्येही ६० टक्क्यांपर्यंत निधी काढता येतो, पण त्या प्रमाणात पेन्शन घटते. पूर्ण ६० काढले तर माझ्या हिशेबाने २७,६०० चे ११,०४० उरतात. असं कुणी ठरवलंय का, आणि का? आणि ज्यांच्या घरी माझ्यासारखं मूल आहे त्यांनी काय निवडलं, ते कृपया लिहा. व्यक्तिगत संदेश पाठवला तरी चालेल.

---

प्रतिसादांनंतर भर:

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढे लोक इतक्या आपुलकीने लिहितील असं वाटलं नव्हतं.

लेखा विभागातल्या एका दादांनी महत्त्वाचा मुद्दा सांगितला. यूपीएस घेतल्यावर एकदा एनपीएसमध्ये परत येता येतं, निवृत्तीच्या किमान एक वर्ष आधीपर्यंत. तेव्हा सरकारच्या हिश्श्यातला ४ टक्क्यांचा फरक हिशेब करून एनपीएस खात्यात दिला जातो. उलट, आज एनपीएसमध्ये राहिले तर ३० नोव्हेंबरनंतर यूपीएसचं दार बंद. म्हणजे फॉर्म भरला तर मला २०३४ पर्यंत विचार करायला वेळ मिळतो आणि तोवर नियमांत दिव्यांग मुलांची तरतूद येते का ते पाहता येतं. संघटनेतल्या मंडळींना राग येईल, पण मला हे पटतंय. मागणीसाठी मी मोर्चात येईनच, त्यासाठी फॉर्म कोरा ठेवायची गरज दिसत नाही.

ज्या ताईंनी विचारलं की मिस्टरांची स्वतःची पेन्शन असताना मी जोडीदाराच्या ६० टक्क्यांना एवढं महत्त्व का देते: तुमचं बरोबर आहे. आमच्या घरात दोन पगार आहेत, त्यामुळे जोडीदारापेक्षा मागे उरणारी रक्कम आम्हाला जास्त गरजेची. तो कल एनपीएसकडे जातो. मिस्टरांचं म्हणणं वेगळं: दोघांच्या पेन्शनमधून लेकीच्या नावावर दर महिन्याला बाजूला टाकायचं, कारण महागाई भत्त्याची वाढ दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. आमचं अजून एकमत झालेलं नाही.

पालकत्वाबद्दल ज्यांनी लिहिलं त्यांचं फार उपयोगी पडलं. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली सेरेब्रल पाल्सी येते आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो, हे मला माहीत नव्हतं. ती अठरा वर्षांची झाली की लगेच अर्ज करणार.

एका दादांनी आठव्या वेतन आयोगाच्या कार्यकक्षेतला विनाअंशदायी (पगारातून कपात नसलेल्या, म्हणजे जुन्या) पेन्शनच्या खर्चाचा उल्लेख दाखवला आणि त्यावरून जुनी पेन्शन आता विसरा असं लिहिलं. त्या एका ओळीवरून मी तेवढं गृहीत धरणार नाही. त्यापेक्षा आयोगाकडे निवेदनं मागवली जातील तेव्हा दिव्यांग अपत्यांच्या कुटुंब निवृत्तीवेतनाचा मुद्दा आपण सगळ्यांनी मिळून द्यावा असं वाटतं. मसुदा मी लिहायला घेते. केंद्रातले, राज्यातले, रेल्वेतले जे कुणी असे पालक असाल त्यांनी इथे हात वर करा, आपापल्या योजनेतला नेमका नियम आणि परिपत्रकाची तारीख लिहा.

एक प्रश्न अजून कुणी सोडवलेला नाही. यूपीएस घेतली, २०३४ मध्ये परतायचं ठरवलं आणि त्याआधीच ती सवलत सरकारने काढून घेतली, तर आधी पर्याय दिलेल्यांना संरक्षण आहे का? सेवाविषयक प्रकरणं हाताळणारे कुणी वकील इथे असतील तर कृपया सांगा. ३० तारखेला रविवार आहे, त्यामुळे माझ्यासाठी शेवटचा दिवस शुक्रवार २८.