किमो चालू असताना हिस्टिडीनची पावडर द्यायची का?

नागपूरची_मावशी:
माझ्या भाच्याला एएलएल (ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर) आहे, ९ वर्षांचा आहे. आता मेंटेनन्स (किमोचा शेवटचा लांब टप्पा) सुरू झालंय, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज ६-एमपी, दोन्ही किमोचीच औषधं. भाऊजींना कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलं की हिस्टिडीन नावाचं अमिनो ॲसिड दिलं की मेथोट्रेक्सेट जास्त काम करते, तर त्यांनी डबा मागवूनही टाकला. ताई म्हणते प्रोटीनच तर आहे, काय होते? इकडे आजी म्हणून राहिली की अमिनो ॲसिडनं कॅन्सर वाढते, डाळ-अंडी बंद करा. कोणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.

फार्मसीवाला_वर्धा_रोड:
ताई, डबा उघडू नका. मेसेज पूर्ण खोटा नाही म्हणूनच जास्त भीती वाटते. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या व्हाइटहेड इन्स्टिट्यूटच्या लोकांचा पेपर 'नेचर'मध्ये आला होता. मेथोट्रेक्सेट पेशीमधलं टेट्राहायड्रोफोलेट (पेशी वापरते ते फोलेटचं रूप) तयार होऊ देत नाही, आणि हिस्टिडीन शरीरात मोडताना तेच टेट्राहायड्रोफोलेट खर्ची पडते, म्हणजे टाकीत येणारं पाणी बंद आणि खालचा नळ चालू, त्यामुळे ल्युकेमिया असलेल्या उंदरांत कमी डोसनंही औषध चाललं. पण ते उंदीर होते हो! पोराचा डोस डॉक्टर सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) आणि लिव्हरचे रिपोर्ट बघून कमी-जास्त करतात, मधेच घरून कोणी औषधाचा जोर वाढवला तर रक्तपेशींचे काउंट का पडले हे त्यांना कसं कळणार? मल्टिव्हिटॅमिनही विचारल्याशिवाय नको, त्यात फॉलिक ॲसिड असते आणि मेथोट्रेक्सेटचं सारं काम फोलेटवरच आहे.

बाबूची_आई:
आजीचं ऐकून डाळ-अंडी अजिबात बंद करू नका. माझ्या मुलालाही एएलएलच होता. हे अस्पॅराजिनेजच्या इंजेक्शनवरून आलं असणार, ते रक्तातलं अस्पॅराजिन नावाचं अमिनो ॲसिड तोडते, ल्युकेमियाच्या पेशींना ते स्वतःला पुरेल एवढं बनवता येत नाही म्हणून त्या मरतात. पण आपलं शरीर अस्पॅराजिन स्वतःच बनवते, डाळ सोडून ते कमी होत नाही, पोरगं मात्र वाळते. आमच्याकडे वरण-भात, नीट उकडलेलं अंडं, ताजं शिजवलेलं सगळं चालू होतं. तोंड आलं की वरण पातळ करायचं, तिखट नाही, अन् अर्धी वाटी गेली तरी खूप समजायचं. वजन दर ओपीडीला लिहून ठेवा, डोस वजन-उंचीवरूनच काढतात.

नागपूरची_मावशी:
खूप खूप धन्यवाद दोघांनाही. वरचं सगळं भाऊजींना वाचून दाखवलं, डबा अजून सीलबंदच आहे. सोमवारी ओपीडी आहे, तेव्हा डब्याच्या लेबलचा फोटो आणि घरी त्याला देतो ते मल्टिव्हिटॅमिन सिरप डॉक्टरांना दाखवतो. सिरपमध्ये फॉलिक ॲसिड लिहिलेलं आहे, तर आजपासूनच थांबवू का?

फार्मसीवाला_वर्धा_रोड:
सोमवारची वाट बघू नका ताई, आत्ताच वॉर्डात फोन करून विचारा, किती दिवसांपासून देता तेही सांगा.