आईची बारा वर्षांची झोपेची गोळी (अल्प्राझोलम) हळूहळू कशी कमी करायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी इंदूरची, सुदामा नगरात राहते. आई माझ्याजवळ असते, वय ७१. प्रश्न तिच्या रात्रीच्या गोळीचा आहे. जरा लांबण लागेल, पण मागचं सांगितल्याशिवाय अडचण कळायची नाही.

२०१३ च्या दिवाळीनंतर बाबा गेले. त्यानंतर महिनाभर आई झोपलीच नाही म्हटलं तरी चालेल. रात्री दोनला पाणी प्यायला उठावं तर ही ओट्याशी दिवा लावून तांदूळ निवडत बसलेली. आमच्या तेव्हाच्या फॅमिली डॉक्टरांनी अल्प्राझोलम ०.२५ मिलिग्रॅम दिली, पंधरा दिवसांसाठी. पहिल्याच रात्री ती सलग सहा तास झोपली. सकाळी उठून तिनं कोणी न सांगता पोहे केले, बडीशेप घालून, बाबांना आवडायचे तसे. या गोळीनं माझी आई मला परत दिली होती, हे मी मुद्दाम लिहितेय. कारण घरात सध्या सगळे त्या गोळीला विष म्हणतायत, आणि ते ऐकून आई आणखीच मिटून जाते.

पंधरा दिवसांचे सहा महिने झाले, ०.२५ ची ०.५ झाली. डॉक्टर पुढे वारले. त्यांच्या हातचा शेवटचा पर्चा २०१६ चा. तो आईनं पासबुकाच्या प्लास्टिकमध्ये घालून ठेवलाय. घडीवर फाटलाय, शाई उडालीय, पण ‘रात्री १’ अजून वाचता येतं. कोपऱ्यावरचे मेडिकलवाले भैय्या ओळखीचे, ते देत राहिले. आम्हीही घेत राहिलो. कधी बंद करायची, हे त्या कागदावर कुठेच नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

आईची गोळी बाबांच्या चष्म्याच्या डबीत असते. रात्री नऊला कोमट दूध, मग डबी उघडण्याचा तो टक आवाज. माझी लेक लहान असताना म्हणायची, ‘टक झालं, आजी आता गोष्ट नाही सांगणार.’ आम्ही हसायचो. आज आठवलं की पोटात गोळा येतो, कारण दोन वर्षांपूर्वीपासून आई खरोखरच बोलता बोलता धागा सोडते. दुपारी काय जेवलो ते संध्याकाळी विसरते. वय झालं, असं आम्ही धरून चाललो.

गेल्या महिन्यात पहाटे तीनला बाथरूमला जाताना ती पडली. डावं मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि म्हणाले, ही झोपेची गोळी बंद करा, नाहीतर पुन्हा पडतील. पुण्याहून दादाचाही फोन, ‘सरळ बंद कर, लाड पुरे.’ मी त्याच रात्री डबी माझ्या कपाटात ठेवली.

पहिली रात्र ती जागी होती. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, कप बशीवर वाजत होता. घामानं ब्लाउज भिजलेला, ट्यूबलाइट डोळ्यांना सोसेना, कुकरची शिट्टी झाली तरी दचकायची. तिसऱ्या रात्री म्हणाली, ‘अगं, प्लास्टरच्या आत मुंग्या चालतायत, काढ गं.’ मी टॉर्च लावून दाखवलं, काही नव्हतं. तिला दिसत होत्या. नाडी १२० च्या वर. इमर्जन्सीत नेलं तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरनं पहिलाच प्रश्न विचारला, ‘कोणती रोजची गोळी एकदम बंद केलीत का?’ गोळी पुन्हा चालू केली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत आई आईसारखी दिसायला लागली. ते म्हणाले, इतक्या वर्षांची अशी तोडल्यावर फिटसुद्धा येऊ शकते, तुमचं नशीब. हे माझ्या हातून झालं, आणि ते मनातून जात नाही.

आता गोष्ट अशी आहे की गोळी चालू ठेवायची तर पडण्याची भीती, आणि बंद करायची तर ती तिसरी रात्र. आई म्हणते, ‘तुझे बाबा गेले, आता माझी झोप पण घेतेस का?’ याला मी काय उत्तर देऊ?

एक गोष्ट स्वतःची सांगते. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, दुसऱ्या लाटेत, मला पॅनिक अटॅक यायचे. छाती धडधडून वाटायचं आता संपलं. मानसोपचार डॉक्टरांनी दुसऱ्या एका औषधाबरोबर क्लोनाझेपाम दिली, आणि पर्च्यावरच लिहिलं: तीन आठवडे, मग अर्धी, मग बंद, अमुक तारखेला. ते दुसरं औषध लागू पडेपर्यंत या गोळीनं मला उभं ठेवलं. त्या तारखेला ती सुटलीही, दोन-चार रात्री जड गेल्या तेवढंच. म्हणजे एकाच जातीचं औषध, माझ्या कागदावर शेवटची तारीख होती, आईच्या नव्हती.

माझे प्रश्न:

ज्यांनी वर्षानुवर्षं घेतलेली अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम वगैरे कमी केली, त्यांना किती काळ लागला? आणि प्रत्यक्ष कशी कापली? दर वेळी पाच-दहा टक्केच कमी करायची असं वाचलं. पण ०.५ चे दहा टक्के म्हणजे ०.०५, ते काढायचे कुठून? ०.२५ ची गोळी अर्धी केली तरी ०.१२५ होते, आणि पाव करायला गेलं की सुरीखाली भुगा. तिसरा आणि सगळ्यात मोठा प्रश्न: ज्याला सोडायचीच नाही, त्या माणसाशी कसं बोललात?

अजून मानसोपचार डॉक्टरांकडे गेलो नाही. जाणारच आहोत, पण काय विचारायचं ते नीट ठरवून जायचंय.

– रेवातीर

बडोदेकर काका

ताई, आधी आईंच्या बाकीच्या गोळ्या सांगा. मनगटासाठी काय चालू आहे? मी बडोद्याला बावीस वर्षं मेडिकल चालवलं. म्हातारी माणसं पडली की दुखण्यासाठी बऱ्याचदा ट्रामाडोल मिळते. ती आणि अल्प्राझोलम एकत्र म्हणजे श्वास मंदावण्याची, गुंगी वाढण्याची भीती. अमेरिकेच्या औषध खात्यानं २०१६ मध्ये या जोडीबद्दल सगळ्यात कडक इशारा दिला होता. शिवाय ट्रामाडोलनं फिट येण्याची शक्यताही वाढते, आणि तुमच्याकडे तर गोळी अचानक तुटली होती. आजच पाकीट बघा. खोकल्याचं कोडीनवालं औषधही देऊ नका, तेही ट्रामाडोलच्याच जातीचं.

दुसरं, मेडिकलवाल्यांबद्दल. १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलम एच-१ यादीत आहे, म्हणजे डॉक्टरच्या पर्च्याशिवाय विकायची नाही अशा औषधांच्या कडक यादीत. पाकिटावर लाल चौकट असते, वेगळ्या रजिस्टरात डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव लिहून ते तीन वर्षं जपायचं असतं. जुन्या पर्च्यावर द्यायला नकोच होती. ओळखीपोटी आपण माणसाचं भलं करतोय असं वाटतं, मलाही वाटायचं. नंतर कळलं की नवा पर्चा मागणं म्हणजेच त्या माणसाला डॉक्टरसमोर परत उभं करणं.

रेवातीर

काका, पाकीट बघितलं, ट्रामाडोल आणि पॅरासिटामॉलची जोडगोळीच आहे. हाडांच्या डॉक्टरांना लगेच फोन केला. त्यांना आईच्या गोळीचं माहीत होतं, तरी तीन आठवडे हे चालू राहिलं. आता नुसती पॅरासिटामॉल दिलीय. तुम्ही विचारलं नसतं तर मी बघितलंही नसतं. मनापासून आभार.

कर्मवीर७

एवढं काय त्यात? माझ्या मामांनी एका दिवसात सोडली. इच्छाशक्ती पाहिजे. रात्री अश्वगंधा आणि पायाला तेल, बास.

रेवातीर

तेल मी रोज लावते पायाला, आईला बरं वाटतं. पण प्लास्टरमध्ये मुंग्या दिसणारी बाई इच्छाशक्तीत कमी पडत नव्हती. मेंदूला बारा वर्षं ज्या गोष्टीची सवय लावली ती एका रात्रीत ओढून घेतल्यावर असंच होतं. कृपा करून हा सल्ला इथे कोणाला देऊ नका, वाचून एखादा खरंच करेल.

मंद सप्तक

ताई, मी क्लोनाझेपाम सहा वर्षं घेतली, ०.५ रात्री. उतरायला मला चौदा महिने लागले. घाई केली तेव्हा दोनदा आपटले, म्हणून एवढे.

कापण्याबद्दल. माझ्या डॉक्टरांनी सांगितलं की गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या घेऊन जोडायच्या. आईंच्या बाबतीत एक ०.२५ आणि एक अर्धी ०.२५ म्हणजे ०.३७५ होईल, पण ते एकदम पंचवीस टक्के खाली. अमेरिकेत २०२५ मध्ये याची नवी मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यात सुरुवात पाच-दहा टक्क्यांनी, दोन ते चार आठवड्यांनी पुढची पायरी, आणि दोन आठवड्यांत पंचवीस टक्क्यांहून जास्त कधीच नाही, असं आहे. म्हणजे पंचवीस ही कमाल मर्यादा आहे, सुरुवात नव्हे. म्हणून काही डॉक्टर अल्प्राझोलम बदलून त्याच जातीची डायझेपाम देतात. अल्प्राझोलम अंगातून लवकर उतरते, साधारण अकरा तासांत निम्मी, वयस्कर माणसांत थोडी सावकाश. डायझेपाम कित्येक दिवस रेंगाळते, त्यामुळे झटका मऊ बसतो, आणि तिच्या गोळ्यांच्या छोट्या पायऱ्या पाडता येतात. पण म्हाताऱ्या शरीरात ती साठतही जाते, दिवसा झापड येऊन पुन्हा पडायची भीती. तेव्हा हे आईंना चालेल का, ते डॉक्टरच ठरवू शकतील. विचारायच्या यादीत हे पहिलं लिहा. आणि पाकिटावर ‘एसआर’ लिहिलं असेल तर ती गोळी अजिबात तोडायची नाही, ती सावकाश विरघळायलाच बनवलेली असते.

मला वाईट रात्रींपेक्षा वाईट दिवस जड गेले. एक पायरी उतरले की चौथ्या-पाचव्या दिवशी उगाच रडू यायचं. वहीत लिहून ठेवलं तेव्हा कळलं की दहाव्या दिवशी ते ओसरतं. मग पुढच्या वेळी भीती निम्मी झाली. झोपेसाठी डॉक्टरांनी गोळीविना जे शिकवलं त्यात सगळ्यात उपयोगी पडलं ते हे: झोप आल्याशिवाय अंथरुणावर जायचं नाही, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी सहालाच उठायचं. पहिला महिना मी त्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या.

आणि आईंशी बोलणं. माझ्या नवऱ्यानं गोळ्या लपवल्या होत्या, तेव्हा मी दुसऱ्या मेडिकलमधून आणल्या. ज्या दिवशी त्यानं पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, किती कमी करायची आणि कधी थांबायचं ते तू सांग, त्या दिवसापासून खरं सुरू झालं.

बडोदेकर काका

इंदूरला एम.वाय. हॉस्पिटलात मनोविकार विभाग आहे, बाणगंगेचं मानसिक रुग्णालयही आहे. नावाला बिचकू नका, आईंना ‘झोपेच्या डॉक्टरांकडे’ म्हणून न्या, ते खोटंही नाही. मध्येच रात्री काही झालं आणि कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे. पण मुंग्या दिसणं, बरळणं, फिट यापैकी काही असेल तर फोन करत बसू नका, सरळ इमर्जन्सी. आणि विसरण्याचंही डॉक्टरांना सांगा. या गोळीनं स्मरण मंदावू शकतं. ते वयाचं किती आणि गोळीचं किती, हे कमी झाल्यावरच उलगडेल.

रेवातीर

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी चहा झाल्यावर मी कपाटातून डबी काढली (इमर्जन्सीनंतर मी रोज एकेक गोळी हातावर देत होते) आणि आईच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, मी न विचारता काढून घेतली, चुकलं माझं. पुन्हा तुझ्या मनाविरुद्ध एक कणही कमी होणार नाही. ती बराच वेळ डबीवरून अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, ‘पडले तेव्हा फरशी गार लागत होती, आणि मला कळतच नव्हतं मी कुठल्या घरात आहे. महूच्या घरात आहे असं वाटलं.’ महूचं घर सोडून पस्तीस वर्षं झाली. हे तिनं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

गुरुवारची वेळ मिळालीय, ती येतेय. अट एकच, डबी तिच्याकडेच राहणार. बाथरूमच्या वाटेवर रात्रीचा दिवा लावलाय, पायपुसणं काढून टाकलंय. तोवर गोळी आहे तेवढीच चालू.

मंद सप्तक, एक विचारायचं राहिलं. वहीत तुम्ही नेमकं काय काय लिहायचात? आईचा उजवा हात चांगला आहे, ती म्हणते मीच लिहीन.