दर आठवड्याला? नाही भाऊ
वर कोणीतरी लिहिलं की कॅथलिकांना दर रविवारी कम्युनियनच्या (चर्चमधल्या पवित्र भाकरीच्या प्रसादाच्या) आधी कन्फेशन, म्हणजे फादरसमोर पापांची कबुली, करावंच लागते, तर तसं काही नाही. नियम १२१५ च्या लॅटरन परिषदेपासूनचा (चर्चच्या बिशप लोकांची मोठी सभा), वर्षातून एकदा तरी, आणि आता तोही गंभीर पापासाठीच, हां पण असं पाप मनावर असेल तर आधी कन्फेशन मगच कम्युनियन. आमच्या सदर भागातल्या चर्चमध्ये ईस्टरच्या आधी ही मोठी लाइन लागते, बाहेरचे फादर बोलवावे लागतात, अन् एरवी शनिवारी संध्याकाळी कन्फेशनच्या जाळीमागे फादर एकटेच जपमाळ घेऊन बसून राहते. म्हाताऱ्या बाया मात्र महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी हमखास. पोरांना ओळखीच्या फादरसमोर लाज वाटते म्हणून दुसऱ्या पॅरिशमध्ये, म्हणजे दुसऱ्या भागातल्या चर्चमध्ये, जाऊन येतात, तेही चालते, गुपित तर सगळ्याच फादरांना ठेवावं लागते.