पावसाळ्यात बिलेट कास्टरवर ब्रेकआउट का वाढतात?

प्रश्न : कास्टिंग विभाग, कुंकळ्ळी

नमस्कार. कुंकळ्ळी औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी कास्टिंग विभाग सांभाळतो. इंडक्शन भट्टीत स्क्रॅप, स्पंज आयर्न आणि थोडे पिग आयर्न वितळवून आम्ही दोन स्ट्रँडच्या (एकाच वेळी दोन धारा ओतणाऱ्या) कास्टरवर 125 मिलिमीटर चौरस बिलेट, म्हणजे पोलादाचे लांब चौकोनी दांडे, ओततो. त्यांच्यापासून पुढे टीएमटी सळ्या तयार होतात. जून ते सप्टेंबर या काळात ब्रेकआउट (बिलेटचे गोठलेले कवच फुटून आतले द्रव पोलाद बाहेर पडणे) वाढतात, बिलेटच्या पृष्ठभागालगत बारीक छिद्रे सापडतात आणि काही बिलेट तिरके होतात, ज्यांना आपण डायमंड म्हणतो. वरिष्ठांचा कल नव्या मोल्ड ट्यूब (ज्यांत पोलाद गोठू लागते त्या पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या नळ्या) मागवण्याकडे आहे. त्याआधी काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : निवृत्त मेल्ट शॉप अधिकारी, फोंडा

मोल्ड मागवण्यापूर्वी टंडिशमधील (मोल्डमध्ये पोलाद सोडणाऱ्या वरच्या पात्रातील) तापमानाची नोंदवही उघडावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. दोष मोल्डमध्ये दिसतो, पण अनेकदा तो लॅडलमधूनच (भट्टीतले पोलाद टंडिशपर्यंत नेणाऱ्या मोठ्या पात्रातूनच) आलेला असतो. सुमारे 0.20 टक्के कार्बन असलेले पोलाद साधारण 1515 अंश सेल्सिअसला गोठू लागते आणि टंडिशमध्ये त्याहून 30 ते 40 अंश अधिक तापमान पुरेसे असते. लॅडल फर्नेस (लॅडलमधील पोलाद पुन्हा तापवण्याची भट्टी) नसलेल्या कारखान्यात मात्र टंडिशचे नोझल गोठेल या भीतीने पोलाद भट्टीतूनच फार तापवून काढले जाते, आणि पावसाळ्यात लॅडलचे अस्तर दमट व अर्धवट तापलेले असल्यामुळे ही भीती आणखी वाढते. अशी हीट (भट्टीतून एका वेळी निघणारे पोलाद) टंडिशमध्ये 60 अंशांनी जास्त तापलेली आली आणि मोल्डमधून बिलेट ओढण्याचा वेग नेहमीचाच राहिला, तर मोल्डबाहेर पडताना बिलेटचे कवच पातळ असते, आतल्या द्रव पोलादाचा दाब त्याला पेलवत नाही आणि ते फुटते.

म्हणून लॅडल आतून लाल होईपर्यंत बर्नरवर तापवावी, तिला झाकण असावे, आणि टंडिशमधील पोलादावर भाताच्या तुसाच्या राखेचा थर सतत राहावा. ही राख कोरडी साठवणे आपल्याकडे पावसाळ्यात सोपे नसते, पण ओली राख वापरू नये. कार्बनचीही नोंद पाहावी, तो 0.10 ते 0.14 टक्क्यांपर्यंत घसरला, तर कवच असमान जाडीचे बनते आणि योग्य तापमानालाही धोका राहतो.

उत्तर : गुणवत्ता विभाग, डिचोली

छिद्रांचा संबंध मला ओलाव्याशी वाटतो. उघड्यावर भिजलेले स्क्रॅप, हवेतील ओलावा शोषणारे स्पंज आयर्न आणि नीट न वाळलेले टंडिशचे अस्तर यांतून हायड्रोजन पोलादात शिरतो व गोठताना छिद्रे सोडतो. मोल्डमध्ये सोडल्या जाणाऱ्या रेपसीड तेलाच्या पिंपात पाणी शिरले आहे का, हेही पाहावे. तेवढ्यानेही छिद्रे पडू शकतात. ओले स्क्रॅप भट्टीत टाकल्यास वितळलेला धातू उसळतो, त्यामुळे स्क्रॅपवर छप्पर घालणे हा कामगारांच्या जिवाचाही प्रश्न आहे.

छिद्रे घालवण्यासाठी काही जण ॲल्युमिनियम वाढवतात. मीटरिंग नोझलच्या (ठरावीक मापाच्या छिद्रातून पोलाद सोडणाऱ्या) कास्टरवर त्याचे ऑक्साइड नोझलमध्ये साचते आणि स्ट्रँड बंद पडतो. त्यापेक्षा मँगनीज व सिलिकॉन यांचे प्रमाण तीनास एक किंवा त्याहून थोडे अधिक राखावे.

उत्तर : देखभाल विभाग, कुंडई

डायमंड चारही बाजू सारख्या थंड न झाल्याने होतो. पावसाळ्यात जांभ्या मातीने गढूळ झालेले पाणी बिलेटवर पाणी फवारणारे स्प्रे नोझल बुजवते. मोल्डच्या पाण्याचा बंद व मृदू केलेला मार्ग वेगळा ठेवावा, कारण तांब्यावर बाहेरून बसलेला क्षाराचा पातळ थरही उष्णता अडवतो. ट्यूबचा उतार (ती खाली किती निमुळती होते ते) मात्र गेजने मोजलाच पाहिजे. खालच्या भागात ती झिजली असेल, तर ती बदलण्याला पर्याय नाही.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. टंडिशमधील तापमान हीटच्या कोणत्या वेळी घ्यावे?

उत्तर : निवृत्त मेल्ट शॉप अधिकारी, फोंडा

लॅडल उघडल्यावर टंडिश भरून पातळी स्थिरावली की एकदा, हीटच्या मध्यावर एकदा आणि लॅडल संपण्याच्या थोडे आधी एकदा घ्यावे. प्रत्येक वेळी ओढण्याचा वेगही त्याच ओळीत लिहावा, म्हणजे ब्रेकआउट नेमका कोणत्या स्थितीत झाला हे कळेल.