‘मंथन’चा रंग आणि आत्याचा शालू

कट्ट्यावरचा पश्या
एवढा गाजावाजा ऐकला म्हणून शेवटी श्याम बेनेगलांच्या जुन्या ‘मंथन’ सिनेमाची दुरुस्त केलेली नवी फोर-के (जास्त बारकावे दाखवणारी) प्रत पाहिली. स्पष्ट सांगतो, निराशा झाली. सगळं खाकी, मळकट, धुळीत लोळवून काढल्यासारखं. आकाश निळं नाही, गवत हिरवं नाही. लहानपणी दूरदर्शनवर पाहिला तेव्हा याहून जास्त रंग होते. आताच्या सॉफ्टवेअरमध्ये एक बटण दाबलं की रंग उजळतात, तेवढंही जमलं नाही? रिस्टोअर करणं म्हणजे नव्यासारखं करणं ना? फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवून आले, आणि आपल्या हातात काय, तर गढूळ पाणी.

निगेटिव्ह नाना
पश्या, दोन दिवस गप्प बसलो, पण तुझं ते ‘बटण’ काही घशाखाली उतरेना. जरा पाल्हाळ होईल, वाचायचं तर वाच.

‘नव्यासारखं करणं’ आणि ‘होतं तसं करणं’ ही दोन वेगळी कामं आहेत. सागवानी खांबांना ऑइलपेंट फासला की वाडाही नव्यासारखाच दिसतो. ‘मंथन’ १९७६चा. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये काढले तेव्हा तो उभा राहिला. चित्रीकरण राजकोटजवळच्या खेड्यात. तिथे माती उडत असेल आणि गवत वाळलेलं असेल तर कॅमेऱ्याने काय महाबळेश्वर दाखवायचं? मूळ निगेटिव्ह, म्हणजे कॅमेऱ्यातली फिल्म, आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात होतं, त्यावरून काम झालं आणि रंग ठरवताना गोविंद निहलानी स्वतः होते. ज्याने कॅमेरा धरला तो माणूस! गुरुदत्तचे कॅमेरामन व्ही. के. मूर्ती यांच्या हाताखाली तयार झालेला. त्याला रंग कळेना आणि तुला कळला?

आणि दूरदर्शन म्हणे. देशात रंगीत प्रक्षेपणच आलं १९८२ला. तुमच्या घरी रंगीत संच कधी आला ते आधी सांग.

कट्ट्यावरचा पश्या
१९९१ला आला. झालं समाधान?

आता माझं ऐका. ‘बनवणाऱ्यालाच रंग कळतो’ हे तुम्ही काढलंत. हाँगकाँगचा दिग्दर्शक वाँग कार-वाय, त्याने आपल्याच ‘इन द मूड फॉर लव्ह’च्या नव्या प्रतीत चक्क हिरवट झाक आणली. तोही बनवणाराच. दिग्दर्शक फ्रीडकिनने आपल्या ‘द फ्रेंच कनेक्शन’ची २००९ची ब्लू-रे डिस्क अशी काही धुऊन काढली की खुद्द त्याचा कॅमेरामन ओवेन रॉइझमन जाहीरपणे भडकला. २०१२ला दोघांना बसवून पुन्हा काढावी लागली. मग दिग्दर्शक खरा की कॅमेरामन? की ऐंशी उलटलेल्या माणसाला अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचा रंग लख्ख आठवतो असं धरून चालायचं? मला कालची भाजी आठवत नाही.

ग्रेडिंगवाला
मी पोटासाठी हेच करतो, सिनेमाचे रंग जुळवतो, म्हणजे ग्रेडिंग. गोरेगावात, अंधाऱ्या खोलीत, दिवसाचे दहा तास. दोघंही थोडे चुकताय.

निगेटिव्ह स्कॅन केलं की समोर येतं ते फिकट, पिठूळ चित्र. त्यात ‘मूळ रंग’ कुठे लिहून ठेवलेला नसतो. पूर्वी लॅबमधला ग्रेडर शॉटमागून शॉट बघून लाल, हिरवा, निळा उजेड किती पॉइंट द्यायचा ते ठरवायचा. त्या आकड्यांवर थेटरात चालवायची प्रत, म्हणजे प्रिंट, निघायची. लोकांनी पाहिला तो रंग प्रिंटमधला. म्हणून आम्ही आधी जुनी प्रिंट शोधतो. आणि ती बिचारी डब्यातच म्हातारी झालेली असते. जुन्या ईस्टमनकलर फिल्मच्या प्रिंटमधला सायन, म्हणजे हिरवट निळा, सगळ्यात आधी उडतो, पिवळाही उतरतो, शेवटी अख्खा सिनेमा राणी कलरचा होतो. नायक राणी, झाड राणी, म्हैस राणी. टेक्निकलरची डाय ट्रान्सफर प्रिंट, म्हणजे फिल्मवर रंग छापून काढलेली, मिळाली तर नशीब, तिचा रंग हलत नाही. पण लंडनमधलं ते काम सत्तरच्या दशकातच संपलं.

दुसरं म्हणजे निगेटिव्हमध्ये प्रिंटपेक्षा जास्त दिसतं. कॅमेरामनने सावलीत बुडवलेली विगची कडसुद्धा वर येते. ती दाखवायची की पुन्हा बुडवायची? पश्याच्या बटणाने ती आधी वर येईल.

ते ‘बटण’ मागणारे रोज भेटतात. एका जुन्या हिंदी सिनेमाचे हक्क घेतलेले गृहस्थ तीन दिवस माझ्या मागे उभे राहून ‘पॉप करा, अजून पॉप करा’ म्हणत होते. ग्रेन, म्हणजे फिल्मचे बारीक कण, पुसायला लावला, नायिका मेणाची झाली. नाव विचारू नका, पैसे यायचेत.

कार्बनकाडी
प्रिंटमधला रंगसुद्धा खरा नाही, साहेब. माझे वडील सातारा जिल्ह्यातल्या एका टॉकीजला ऑपरेटर. मशीनमध्ये बल्ब नव्हता, कार्बनच्या दोन काड्या समोरासमोर जळायच्या. त्यांच्यातलं अंतर सारखं जुळवत राहायचं. जरा लक्ष उडालं की पडदा पिवळा, आणि खाली पब्लिक ‘ए लाइट!’ म्हणून शिट्ट्या मारायचं. आमचा मालक असा चिकट की काडी पूर्ण संपल्याशिवाय नवी द्यायचा नाही. वडील उरलेले तुकडे जोडून रीळ ओढायचे. म्हणजे रात्रीच्या खेळाला हेमामालिनी गोरी की कावीळ झालेली, हे मालकाच्या खिशावर ठरायचं.

जत्रेतल्या तंबूत तर जनरेटर. डिझेल संपत आलं की संध्याकाळ व्हायची, पडद्यावर दुपार असली तरी. आता सांगा नाना, कुठला रंग परत आणणार?

निगेटिव्ह नाना
तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. पण हा युक्तिवाद म्हणजे हॉटेलवाला पाणी घालतो म्हणून दुधाला रंगच नसतो म्हणण्यासारखा झाला. मालक चिकट होता यात प्रिंटचा काय दोष? जे लॅबमधून निघालं ते मूळ. पुढे वाटेत काय झालं तो वाटेचा प्रश्न.

पदर खोचून
ग्रेडिंगवाले भाऊ, ते राणी कलरचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या आत्याचा लग्नाचा अल्बम अगदी तस्साच झालाय. लग्न १९७८चं, नाशिकला. फोटो सगळे लालसर. भाचरांनी मिळून पन्नासाव्या वाढदिवसाला, सॉरी, लग्नाच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला तो एका स्टुडिओत नीट करायला दिला. परत आला तर आत्याचा शालू जांभळा! आत्या म्हणते हिरवा होता, लग्नात कोण जांभळा नेसतं. स्टुडिओवाला म्हणतो आत्याबाई, चेहरा माणसाचा दिसायला हवा ना, तो जुळवला की शालू जांभळाच येतो. काकांना विचारलं तर ते म्हणतात, मी शालूकडे बघत नव्हतो.

एकपडदा
😂 काकांना माझा नमस्कार.

जाता जाता माझीही काडी टाकतो. सगळे ‘मूळ, मूळ’ करताय, मग ‘मुघल-ए-आझम’चं काय? १९६०ला ‘प्यार किया तो डरना क्या’ आणि काही भाग सोडला तर सगळा काळापांढरा. २००४च्या दिवाळीत अख्खा रंगीत केला आणि धो धो चालला. आईला घेऊन गेलो होतो, ती रडली. दिग्दर्शक के. आसिफसाहेबांना सगळा सिनेमा रंगीतच पुन्हा काढायचा होता, वितरकांनी अडवलं. म्हणजे त्यांची इच्छाच पूर्ण झाली की!

निगेटिव्ह नाना
झालं. यायचंच होतं हे.

आसिफ १९७१ला गेले. रंग हवा होता, मान्य. कुठल्या दालनाला कुठला, हे सांगायला ते होते का? संगणकावर बसलेल्या पोरांनी ठरवलं. उजेड-सावलीसाठी लावलेल्या दिव्यांवर नंतर वरून रंग ओतायचा आणि त्याला इच्छापूर्ती म्हणायचं! उद्या ज्ञानेश्वरी वऱ्हाडी ठेक्यात गाऊन ‘माउलींना चाल हवीच होती’ म्हणाल. तुमची आई रडली ती मधुबालेसाठी. काळ्यापांढऱ्यातही रडलीच असती.

एकपडदा
माझ्या आईवर बोलायचं काम नाही, सांगून ठेवतो. तुमच्यासारख्यांमुळेच जुने सिनेमे फिल्म सोसायटीच्या चाळीस खुर्च्यांत अडकले. रंग चढवल्यामुळे तो थेटरात तरी आला. शुद्ध ठेवून डब्यात व्हिनेगरचा वास येईपर्यंत कुजवायचा होता का? २००३ला पुण्याच्या संग्रहालयात आग लागली, झटकन पेटणारी जुनी नायट्रेटची रिळं जळाली. तेव्हा ती तुमची शुद्धता कुठे होती?

निगेटिव्ह नाना
आईंचा उल्लेख चुकला, मागे घेतो. बाकी एक अक्षर मागे घेत नाही.

कार्बनकाडी
रंग बिघडण्याला आपल्याकडे घराण्याची परंपरा आहे हो, चिडता कशाला? १९३३ला ‘प्रभात’ फिल्म कंपनीने आपला ‘सैरंध्री’ सिनेमा रंगासाठी थेट जर्मनीपर्यंत नेला होता. तिथेही रंग फसलेच.

कट्ट्यावरचा पश्या
माझा प्रश्न ‘मंथन’चा होता. कुणाला आठवतंय का?

पदर खोचून
थांबा हो, शालूचं पुढे ऐका. आत्याने ट्रंकेतून शालूच काढून आणला. म्हटलं आता निकाल लागला. कसला लागतोय! दारातल्या उन्हात धरला तर राखाडी, ट्यूबखाली निळसर, आणि घडीवर पट्टेच्या पट्टे विटलेले. स्टुडिओवाला खूश, म्हणे बघा, यात हिरवं कुठाय?

ग्रेडिंगवाला
ताई, हे आमच्याकडेही होतं. खरा कपडा मिळाला म्हणून उड्या मारायच्या आणि तो कपडाच विटलेला. शिवाय फिल्मवर कापड डोळ्यांना दिसतं तसं उतरतही नाही. जरीच्या खालची, दुमडलेली जागा बघा. फॉल लावलाय का?

पदर खोचून
लावलाय की! उसवायला सांगते. आत्या मारेल.

कट्ट्यावरचा पश्या
बरं, ग्रेडिंगभाऊ, तोवर एक सांगा. माझा टीव्ही ‘व्हिव्हिड’वर, म्हणजे भडक रंगांच्या मोडवर असतो. पोराने केलंय, क्रिकेटसाठी. काल आमच्या मेव्हण्याच्या घरी साध्या मोडवर ‘मंथन’चा पहिला अर्धा तास परत पाहिला. धूळ तीच होती, पण... वाईट नव्हती. स्मिता पाटीलचा चेहरा त्या उजेडात जसा दिसतो, तो मला बटण दाबून मिळाला नसता. एवढंच म्हणतोय. बाकी निहलानींना सगळं आठवत असणार हे मी अजूनही मानत नाही.

निगेटिव्ह नाना
ही माफी होती का रे? जपून ठेवतो, निगेटिव्हसारखी, ४ अंश तापमानात.

वाँग कार-वायवर मात्र तुझं बरोबर आहे. त्याने निदान लपवलं तरी नाही, पण जुनी प्रतही बाजारात राहू द्यायला हवी होती. हे मी तुझ्यासाठी म्हणत नाहीये, मला आधीपासून वाटतं.

पदर खोचून
उसवला!! काठाखाली बोटभर पट्टी अगदी कोरी निघाली. रामा कलर. हिरवा नाही, जांभळा तर नाहीच नाही.

कार्बनकाडी
रामा म्हणजे हिरवाच की ताई. आत्या जिंकली.

पदर खोचून
काहीतरीच! रामा निळ्यात येतो. कुठल्याही साडीवाल्याला विचारा.

एकपडदा
हिरव्यात येतो. माझं साड्यांचं दुकान होतं.

निगेटिव्ह नाना
एकपडदा, दुकानात दिवे कुठले होते?