विपुल जीवन म्हणजे अडचणी संपणं नव्हे

'ख्रिस्तावर विश्वास ठेवला की अडचणी सुटतात आणि समाधान मिळतं' असं म्हणतात, पण ते मला अर्धंच पटतं. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात (10:10) येशू विपुल, म्हणजे भरभरून जीवनाबद्दल बोलतो खरा, पण लगेच पुढच्या वचनात मेंढरांसाठी प्राण देणारा मेंढपाळ येतो. ते का कुणी सांगत नाही?

ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचं पाणी आमच्या घरात आणि दुकानात शिरलं. बाबा आठवडाभर गप्प होते. पाणी ओसरल्यावर रविवारी उपासनेहून आले ते थेट मागच्या गल्लीतल्या आजींच्या घरातला गाळ काढायला गेले, आमचा तसाच टाकून. मला फार राग आला. संध्याकाळी चिखलाने माखून परतले आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. दुकान सावरायला पुढे दोन वर्षं लागली.