लग्नानंतरचे पहिले भाड्याचे घर: आपापले अनुभव लिहा

२०१९ साली आमचे लग्न झाले तेव्हा माझी नोकरी अंधेरीला आणि पत्नीची ठाण्याला होती. घाटकोपरला मेट्रो पकडता येईल आणि तिलाही फार लांब पडणार नाही, असे घर मुलुंड-भांडुपच्या बाजूला शोधायचे आम्ही ठरवले. सहा रविवारांत सतरा घरे पाहिली. एजंट सांगतो ती 'स्टेशनपासून पाच मिनिटे' रिक्षाची असतात, आणि तीही रिक्षा मिळाल्यानंतरची, हे पहिल्याच रविवारी कळले.

एक वन बीएचके मनापासून आवडले होते. टोकन द्यायच्या वेळी एजंट हळू आवाजात म्हणाला, "मालकांनी विचारलं तर व्हेज सांगा. नंतर कोण बघायला येतंय?" पत्नीचे माहेर मालवणचे. खिडक्या लावून, पंखा बंद करून, चोरून बांगडा तळायचा असेल तर मला ते घर नको, असे तिने जिन्यातच सांगितले. त्या दिवशी मी तिच्यावर थोडा चिडलो होतो, आज मात्र तिचे म्हणणे पूर्णपणे पटते.

आपण पहिले घर कसे मिळवले, कोणते प्रश्न ऐकावे लागले आणि पैशांचा हिशेब कसा लागला, ते सविस्तर लिहावे. घरमालकांनीही लिहिले तर अधिक चांगले.

कोथरूड, पुणे

आमच्या बाबतीत अडचण खाण्याची नव्हती, आडनावाची होती. आमचे लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली झाले आणि मी माहेरचेच आडनाव ठेवले आहे. दोन आधार कार्डांवरची दोन आडनावे पाहून सोसायटीच्या सेक्रेटरींनी चष्मा वर-खाली केला आणि "लग्नाचे फोटो असतील ना?" असे अत्यंत नम्रपणे विचारले. आमच्याकडे विवाह अधिकाऱ्यांच्या टेबलापाशी तीन साक्षीदारांसह काढलेला एकच फोटो होता, आणि त्यातही माझे डोळे मिटलेले होते. तो त्यांच्या पत्नीने हातात घेऊन बराच वेळ न्याहाळला आणि विचारले, "मुंडावळ्या नाही बांधल्या का गं?"

शेवटी विवाह प्रमाणपत्राची प्रत दिल्यावर सोसायटीचे ना हरकत पत्र (एनओसी) मिळाले. घर भाड्याने देणाऱ्याने ओळखपत्रे मागणे मला मान्य आहे, परंतु सोसायटीने लग्नाची परीक्षा घेण्याचा अधिकार कोणत्या नियमातून आला, हे मला आजवर कोणी दाखवलेले नाही. पुढच्या तीन वर्षांत त्याच काकूंनी आम्हाला दर संक्रांतीला तिळगूळ दिला, हेही प्रामाणिकपणे नोंदवायला हवे.

ठाणे

मी कराराबद्दल लिहितो, कारण नवीन जोडपी डिपॉझिटवर घासाघीस करतात आणि कराराच्या कागदाकडे दुर्लक्ष करतात. "अकरा महिन्यांचाच करार आहे, नोंदणी कशाला?" असे आमचे मालक म्हणाले होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. कालावधी कितीही असो, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणी नसेल तर अटींबाबत वाद झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. हे वाक्य मी मालकांना मोबाइलवर वाचून दाखवले आणि दुसऱ्याच आठवड्यात नोंदणी झाली.

खर्चही फार नव्हता. भाडे २२,००० आणि डिपॉझिट १ लाख होते. अकरा महिन्यांचे एकूण भाडे आणि डिपॉझिटवर वार्षिक १० टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे साधारण ६३० रुपये लागले. शहरी भागातली नोंदणी फी १,००० रुपये होती. एजंटने मात्र 'सगळे मिळून' ५,००० सांगितले होते.

आणखी एक गोष्ट. घर भाड्याने दिले म्हणून सोसायटी मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते. २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. आमच्या मालकांनी ते गुपचूप आमच्या मेंटेनन्समध्ये मिळवले होते. म्हणून मेंटेनन्सचे बिल पाहिल्याशिवाय रक्कम मान्य करू नये.

डोंबिवली

घर शक्यतो पावसाळ्यात पाहावे. आम्ही मार्चमध्ये पाहिले तेव्हा नुकताच रंग दिलेला होता आणि बेडरूममध्ये मालकांचे जुने कपाट एका भिंतीला अगदी चिकटून उभे होते. "राहू द्या, तुम्हालाच उपयोगी पडेल," असे ते म्हणाले, आणि आम्हाला त्यांचे कौतुक वाटले. जुलैत कपाटातल्या लग्नाच्या शालूला बुरशी लागली, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून कपाट सरकवले. मागे छतापासून फरशीपर्यंत ओल उतरलेली होती. घर सोडताना त्याच भिंतीच्या रंगासाठी आमच्या डिपॉझिटमधून १२,००० रुपये कापले गेले. ताबा घेताना प्रत्येक भिंतीचे फोटो काढून मालकांना पाठवले असते, तर आमची बाजू भक्कम राहिली असती.

सदाशिव पेठ, पुणे

वर घरमालकांविषयी बरेच आले आहे, म्हणून हा एक वेगळा अनुभव. आमच्या घरमालकीण आजी ऐंशीच्या पुढच्या होत्या. नोंदणीसाठी एक मुलगा लॅपटॉप आणि ठशांचे यंत्र घेऊन घरी आला, पण आयुष्यभर भांडी घासून आजींच्या अंगठ्यावरच्या रेषा इतक्या झिजल्या होत्या की यंत्र काही केल्या ठसा स्वीकारेना. ओल्या फडक्याने पुसून झाले, पावडर लावून झाली, दोन्ही हातांची बोटे एकेक करून ठेवून झाली. मध्येच आजींनी सगळ्यांसाठी पोहे केले. पोह्यांनंतर हात धुऊन त्या पुन्हा बसल्या आणि उजव्या हाताच्या करंगळीवर करार झाला.